सीडी४, सीडी१८, सीडी१९: पेशींच्या अंगावरच्या खुणा काय सांगतात?

ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतातल्या पहिल्या कार-टी उपचाराला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. आयआयटी मुंबईत तयार झालेला आणि टाटा मेमोरियलमध्ये रुग्णांवर तपासलेला हा उपचार म्हणजे ‘नेक्सकार१९’. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत येऊन त्याचं लोकार्पण केलं, तेव्हा बातम्यांचा पाऊस पडला. रुग्णाच्याच पेशी बाहेर काढायच्या, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि पुन्हा शरीरात सोडायच्या, इतकं बहुतेक वाचकांच्या लक्षात राहिलं. नावातला तो ‘१९’ कशाचा, हा प्रश्न मात्र तसाच राहून गेला.

तो आकडा आहे सीडी१९ चा. ज्यांच्या घरात ब्लड कॅन्सर येऊन गेला त्यांनी ‘सीडी१० पॉझिटिव्ह, सीडी१९ पॉझिटिव्ह, सीडी३ निगेटिव्ह’ अशा ओळींनी भरलेला रिपोर्ट पाहिलेला असतो. एचआयव्हीवर उपचार घेणाऱ्यांना ‘तुमचा सीडी४ किती?’ हा प्रश्न तोंडपाठ असतो. दोन्हीकडचं सीडी एकच. या पेशींच्या अंगावरच्या खुणा आहेत. आपण त्या ओळख पटवायला वापरतो, पण पेशींनी काही त्या आपल्या सोयीसाठी लावलेल्या नाहीत. ती त्यांची कामाची हत्यारं आहेत. एवढं ध्यानात ठेवलं की या विषयातल्या बऱ्याच गाठी सुटतात: एचआयव्ही नेमक्या त्याच पेशी का मारतो, नव्या औषधांचे दुष्परिणाम इतके विचित्र का असतात, आणि कॅन्सर कधीकधी औषधाच्या हातून निसटतो कसा.

सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या सारख्याच

रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पांढऱ्या पेशींमध्ये लहान, गोल, जांभळट गाभ्याच्या लिम्फोसाइट दिसतात. त्यांतल्या काही टी-पेशी असतात, काही बी-पेशी. बी-पेशींपासून पुढे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी तयार होतात. टी-पेशींपैकी काही जणी विषाणू शिरलेल्या पेशींना ठार करतात, तर काही स्वतः कुणाला न मारता बाकीच्यांना कामाला लावतात. कामं इतकी वेगळी, पण काचेवर मात्र कोण कुठली ते भल्याभल्यांना सांगता येत नाही.

फरक असतो तो पृष्ठभागावर. पेशीच्या पातळ, स्निग्ध आवरणातून नाना प्रकारची प्रथिनं बाहेर डोकावत असतात. कुणी बाहेरचा संदेश टिपतं, कुणी दुसऱ्या पेशीला घट्ट धरतं, कुणी ‘मी इथलीच आहे, मला मारू नका’ असं कळवतं.

सकाळी आठला कुठल्याही शहरातल्या मजूर नाक्यावर जाऊन बघा. पन्नासेक माणसं उभी असतात, कपडे साधारण सारखेच. तरी मुकादम लांबूनच बरोबर माणूस हेरतो. हातात थापी आणि ओळंबा असेल तो गवंडी, ब्रश असेल तो रंगारी, पाना असेल तो प्लंबर. आता, गवंड्याने थापी काही मुकादमाला दिसावी म्हणून आणलेली नसते. ती भिंत बांधायला आणलेली असते. मुकादम आपला तिच्यावरून अंदाज बांधतो. पेशींच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांचं अगदी असंच आहे. ओळख हा आपला फायदा, काम हा त्यांचा धर्म.

आकडे कुणी दिले?

१९७५ मध्ये केंब्रिजमध्ये जॉर्ज कोह्लर आणि सेझार मिलस्टाइन या दोघांनी एक युक्ती शोधली. एकाच प्रकारची, एकाच गोष्टीला चिकटणारी अँटिबॉडी हवी तितकी बनवता येऊ लागली. (१९८४ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.) मग काय, जगभरच्या प्रयोगशाळा पांढऱ्या पेशींवरच्या प्रथिनांना चिकटणाऱ्या अँटिबॉडी बनवायच्या मागे लागल्या, आणि प्रत्येकीने आपापली नावं ठेवली. एकाच प्रथिनाला कुणी टी४ म्हणे, कुणी ल्यू३. गोंधळ इतका वाढला की १९८२ मध्ये पॅरिसला शास्त्रज्ञ जमले आणि त्यांनी ज्या ज्या अँटिबॉडी एकाच प्रथिनाला चिकटतात त्यांचे गट पाडले. गटाला क्रमांक दिला आणि क्रमांकाच्या आधी ‘क्लस्टर ऑफ डिफरन्शिएशन’ची आद्याक्षरं लावली. सीडी म्हणजे एवढंच. आज ही यादी ३७० च्या पुढे गेली आहे.

क्रमांक हा नोंदीचा आहे, मानाचा नाही. सीडी८ हा सीडी४ पेक्षा दुप्पट भारी वगैरे काही नसतं.

या खुणा बघायचं यंत्र म्हणजे फ्लो सायटोमीटर. अमेरिकेत स्टॅनफर्डला लिओनार्ड हर्झनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत त्याचा पेशी निवडून वेगळ्या करणारा अवतार घडला. अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडतात, ती रक्ताच्या नमुन्यात मिसळतात आणि पेशी एकामागोमाग एक लेझरच्या झोतासमोरून सोडतात. सीडी४ ला चिकटणाऱ्या अँटिबॉडीला एक रंग, सीडी१९ च्या अँटिबॉडीला दुसरा. यंत्र सेकंदाला हजारो पेशी तपासतं आणि प्रत्येकीवर कोणकोणते रंग चमकले ते लिहून ठेवतं. दवाखान्यात ‘फ्लो करून आणा’ म्हणतात ते हेच.

हत्यारच नसेल तर?

खुणा शोभेच्या नाहीत याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे काही तान्ह्या मुलांना होणारा एक दुर्मीळ आजार. बाळाची नाळ साधारण आठ-पंधरा दिवसांत गळून पडते. या मुलांची ती तीन-चार आठवडे होऊन गेले तरी पडत नाही. बेंबीला, त्वचेला, हिरड्यांना पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होतो. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी भरमसाट वाढलेल्या. एवढी फौज हाताशी, तरी जखमेत पू म्हणून धरत नाही.

पू म्हणजे मुख्यतः जंतूंशी लढायला गोळा झालेल्या आणि तिथेच मेलेल्या पांढऱ्या पेशी. रक्तातून वाहताना या पेशींना संसर्गाच्या जागी थांबावं लागतं, रक्तवाहिनीच्या भिंतीला घट्ट धरावं लागतं आणि मग भिंतीतून वाट काढत बाहेर पडावं लागतं. धरण्याचं हे काम करणाऱ्या प्रथिनांचा एक अनिवार्य भाग म्हणजे सीडी१८. त्याचं जनुक दोन्हीकडून, आईकडून आणि वडिलांकडून, बिघडलेलं आलं तर पेशी भिंतीला धरूच शकत नाहीत. त्या रक्तातच फिरत राहतात, म्हणून मोजणीत आकडा फुगलेला आणि जखम मात्र उघडी पडलेली. तीव्र प्रकारात अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं नाही तर यातली बरीच मुलं पहिल्या काही वर्षांतच दगावतात.

निदान फ्लोवर होतं: सीडी१८ आहे की नाही, असला तर किती. मुंबईत परळला केईएमच्या आवारात असलेली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था अशा जन्मजात प्रतिकार-दोषांचं निदान करते. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे अनेक समाजांत आहे. नात्यातल्या लग्नात दोघांकडे तेच बिघडलेलं जनुक असण्याची शक्यता वाढते, म्हणून अशा घरात नाळ उशिरा पडणं, पू न धरणाऱ्या जखमा आणि अवाच्या सवा पांढऱ्या पेशी हे तिन्ही एकत्र दिसले तर ‘होईल बरं’ म्हणून थांबू नये.

उलट उदाहरणही मुंबईचंच आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट जगापुढे मांडला, तो आज ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. ए आणि बी हे रक्तगट ज्या पायावर उभे राहतात तो एच नावाचा पदार्थच या लोकांच्या तांबड्या पेशींवर नसतो. त्या एचच्या एका प्रकारालाही सीडी क्रमांक आहे, सीडी१७३. तो नसला तरी माणूस ठणठणीत जगतो. पंचाईत होते ती रक्त चढवायची वेळ आली की. त्याला ओ गटाचंही रक्त चालत नाही, दाता बॉम्बे गटाचाच लागतो.

एचआयव्हीने नेमकी थापीच धरली

टी-पेशींपैकी ज्या इतरांना कामाला लावतात त्यांच्या अंगावर सीडी४ असतो. दुसऱ्या पेशीने समोर धरलेला जंतूचा तुकडा तपासताना तिच्याशी पकड पक्की करणं हे त्याचं काम. १९८४ मध्ये कळलं की एचआयव्ही याच सीडी४ ला धरून आत शिरतो. म्हणजे गवंडी ओळखायची जी खूण, तिचीच चोराने शिडी केली. या पेशी मरत जातात तशी बाकीची यंत्रणा हुकूम देणाऱ्याविना पडून राहते. निरोगी प्रौढाच्या एका घनमिलिमीटर रक्तात अशा साधारण ५०० ते १५०० पेशी असतात. २०० च्या खाली गेल्या की एरवी निरुपद्रवी असलेली बुरशीही फुफ्फुसात किंवा मेंदूच्या आवरणात घर करते. क्षयरोग तर त्याच्या कितीतरी आधीपासून दबा धरून असतो.

विषाणूला सीडी४ सोबत आणखी एक आधार लागतो, सहसा सीसीआर५. (यालाही क्रमांक आहे, सीडी१९५.) उत्तर युरोपातल्या थोड्या लोकांत तो जन्मतःच नसतो आणि त्यांचं फारसं काही अडत नाही. बर्लिनमध्ये राहणाऱ्या टिमोथी रे ब्राऊन या अमेरिकन माणसाला एचआयव्ही होता, वर ब्लड कॅन्सर झाला. २००७ मध्ये डॉक्टरांनी त्याच्यासाठी मुद्दाम सीसीआर५ नसलेला दाता शोधून अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं, आणि एचआयव्ही पुन्हा उगवलाच नाही. २०२० मध्ये ब्राऊन गेला तो उलटलेल्या कॅन्सरने. ‘मग सगळ्यांना हेच का करत नाहीत?’ असं कुणीही विचारेल. प्रत्यारोपणातच जीव जाण्याचा धोका मोठा असतो, आणि रोजच्या गोळीने एचआयव्ही आटोक्यात राहतो. गोळी सोडून त्या वाटेला जाणं हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

आपल्याकडे सरकारी केंद्रांवर या गोळ्या २००४ पासून मोफत मिळतात. पूर्वी सीडी४ ठरावीक आकड्याखाली जाईपर्यंत त्या सुरू करत नसत. २०१७ पासून तो नियम गेला. निदान झालं की उपचार सुरू, सीडी४ कितीही असो.

‘सीडी४ कमी आला, म्हणजे एचआयव्हीच ना?’

नाही. क्षयरोगात, मोठ्या आजारपणात, स्टेरॉइड चालू असताना सीडी४ घसरतो. एकाच माणसाचा सकाळचा आणि संध्याकाळचा आकडाही वेगळा येतो. एचआयव्ही आहे का, हे एचआयव्हीच्याच चाचणीवर ठरतं. सीडी४ त्यानंतर सांगतो की नुकसान किती झालं आहे. आणि औषध लागू पडतंय का, हे त्याहून नीट सांगतो तो व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत त्याचं माप.

सीडी१९ च का निवडला?

आता मूळ बातमीकडे येऊ. कार-टी उपचारात रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या हातून, त्यांच्यात एक नवं जनुक घालतात. त्या जनुकामुळे टी-पेशीच्या अंगावर माणसाने रचलेलं एक नवंच प्रथिन उगवतं, जे सीडी१९ दिसला की त्याला धरतं आणि त्या पेशीला मारायचा हुकूम देतं. अशा पेशी वाढवून रुग्णाला परत देतात.

सीडी१९ असतो बी-पेशींवर, अगदी कोवळ्या अवस्थेपासून. बी-पेशींपासून उद्भवणाऱ्या बहुतेक ब्लड कॅन्सरवर तो टिकून राहतो. रक्ताच्या मूळ पेशींवर तो नसतो, हृदय-यकृत-मूत्रपिंडावरही नसतो. पण निरोगी बी-पेशींवर असतो! कार-टी पेशींना कॅन्सर कळत नाही, त्यांना फक्त सीडी१९ कळतो. त्यामुळे चांगल्या बी-पेशीही मारल्या जातात. हा सौदा परवडतो तो एवढ्याचसाठी की बी-पेशींवाचून माणूस जगू शकतो; अँटिबॉडी कमी पडल्या तर बाहेरून शिरेवाटे देता येतात.

दुसरी किंमत अशी की लाखो टी-पेशी एकदम खवळल्या की ताप, रक्तदाब कोसळणं, श्वास लागणं असं वादळ उठतं. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड ही पहिली लहान मुलगी या उपचारातून गेली, तेव्हा ती व्हेंटिलेटरवर होती. तिला वाचवलं संधिवातासाठी वापरल्या जाणाऱ्या टोसिलिझुमॅब या औषधाने. हो, तेच, ज्याच्यासाठी कोविडच्या लाटेत नातेवाईक रात्र-रात्र वणवण करत होते.

नेक्सकार१९ पहिल्यांदा जून २०२१ मध्ये खारघरच्या टाटा केंद्रात दिलं गेलं. बाजारात आलं तेव्हा खर्च चाळीस-पंचेचाळीस लाखांच्या घरात सांगितला जात होता. अमेरिकेत २०१७ मध्ये पहिलं कार-टी औषध आलं ते पावणेपाच लाख डॉलर किमतीला. त्या तुलनेत हे स्वस्त आहेच, आणि त्याचा अभिमान वाटावा असंही आहे. पण ‘स्वस्त’ हा शब्द चंद्रपूरच्या किंवा जतच्या शेतकऱ्यासमोर उच्चारून बघावा, मग कळेल अजून केवढा पल्ला बाकी आहे.

आणि ही एकदाची सुटका असतेच असं नाही. काही रुग्णांत कॅन्सर परततो तो सीडी१९ टाकून देऊन. कॅन्सरच्या पेशीला आपलं रूप बदलताना बी-पेशीचं हत्यार सांभाळायची गरज उरत नाही. त्याविनाही ती वाढते. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णाची हकिकत तर चकित करणारी आहे. टी-पेशींवर प्रक्रिया करताना नमुन्यात चुकून राहिलेल्या एकाच कॅन्सर-पेशीतही ते नवं जनुक शिरलं. त्यातून उगवलेल्या प्रथिनाने तिचा स्वतःचाच सीडी१९ झाकला गेला. कार-टी पेशींना ती दिसलीच नाही. तिच्या वंशावळीतूनच आजार उलटला.

याच हत्याराचा वेगळा उपयोग जर्मनीत एर्लांगेनला झाला. ल्युपस या आजारात बी-पेशींची काही प्रजा स्वतःच्याच शरीराविरुद्ध अँटिबॉडी बनवते. तिथल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये पाच रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला: सीडी१९ वर नेम धरणाऱ्या कार-टी पेशींनी जुन्या बी-पेशी पुसून टाकल्या आणि रुग्णांची औषधं थांबवता आली. काही महिन्यांनी नव्या बी-पेशी आल्या, तरी आजार परतला नव्हता.

मग तोंडाच्या कॅन्सरला हे का चालत नाही?

कारण तिथे सीडी१९ सारखी, गमावली तरी चालेल अशी खूण सापडत नाही. गालाच्या आतल्या कॅन्सरच्या पेशींवर जे असतं ते बहुतेक निरोगी त्वचेवर, अन्ननलिकेवरही असतं. त्यावर नेम धरला तर माणूसच जायचा.

म्हणून तिथे दुसरी वाट. टी-पेशींवर पीडी-१ (सीडी२७९) नावाचं प्रथिन असतं. त्याला समोरून विशिष्ट प्रथिन येऊन चिकटलं की टी-पेशी आवरतं घेते. निरोगी शरीराला याची गरज असते, नाहीतर लढाई थांबायचीच नाही. कॅन्सरच्या पेशी नेमकं तेच प्रथिन आपल्या अंगावर वाढवून टी-पेशींना थोपवतात. पीडी-१ जपानच्या तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेत सापडलं, आणि २०१८ चं नोबेल त्यांना जेम्स अ‍ॅलिसन यांच्यासोबत मिळालं. निव्होल्युमॅबसारखी औषधं पीडी-१ झाकून ठेवतात, त्यामुळे टी-पेशींना थांबायचा निरोपच मिळत नाही. अर्थातच त्या मग थायरॉइडवर, आतड्यावर, फुफ्फुसावरही घसरू शकतात.

औषध भयंकर महाग. तंबाखू-गुटख्याने तोंडाचे कॅन्सर ज्या देशात इतके, तिथे ते किती जणांना परवडणार? टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी एक धाडसी प्रश्न विचारला: पीडी-१ झाकायला इतकं औषध खरंच लागतं का? एरवी दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देतात; त्यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं, नेहमीच्या तोंडाने घ्यायच्या केमोसोबत. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार डोक्या-मानेच्या प्रगत कॅन्सरमध्ये वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. हे जास्त डोसइतकंच चांगलं आहे का, हे या अभ्यासात तपासलेलं नव्हतं. पण ज्यांना पूर्ण डोस कधीच मिळणार नव्हता, त्यांच्या दृष्टीने या आकड्याचं मोल नोबेलहून कमी नाही, असं माझं मत.

‘आधी माकडांवर तपासलं की धोका टळतो ना?’

मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात सहा निरोगी तरुणांना टीजीएन१४१२ नावाची नवी अँटिबॉडी टोचली. ती टी-पेशींवरच्या सीडी२८ ला धरून त्यांना चेतवायची. माकडांना याच्या ५०० पट डोस सोसला होता. या तरुणांना दीड तासाच्या आत डोकेदुखी, उलट्या, ताप सुरू झाला आणि पुढे एकेक अवयव बंद पडू लागला. सहाही जण वाचले, एकाला हातापायांची बोटं गमवावी लागली.

कारण पुढे सापडलं. माणसाच्या, आधी लढून अनुभवी झालेल्या सीडी४ टी-पेशींवर सीडी२८ शिल्लक असतो. त्या माकडांच्या तशाच पेशींवर तो उरत नाही. क्रमांक तोच, प्रथिनही जवळजवळ तेच, पण ते कोणत्या पेशीच्या हातात आहे त्यावर सगळा खेळ. या घटनेनंतर माणसावरचा पहिला डोस ठरवण्याची रीत बदलली. आता एका वेळी एकालाच टोचून वाट पाहतात.

प्रतिकारशक्ती मोजून घ्यावी का?

हल्ली ‘इम्युनिटी प्रोफाइल’ नावाची तपासणीची पॅकेजं विकली जातात. निरोगी माणसाने उगाच सीडी४, सीडी८, सीडी१९ मोजून घेण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. आकडा रोज हलतो, आणि तो वाढला म्हणून माणूस अधिक निरोगी झाला असं होत नाही. सीडी१८ नसलेल्या बाळाच्या रक्तात पांढऱ्या पेशी कितीतरी जास्त असतात, हे वर आलंच आहे. सीडी४ वाढवणाऱ्या काढ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

रिपोर्ट हातात आला असेल तर

ब्लड कॅन्सरचा फ्लो रिपोर्ट एकेका ओळीने वाचू नका. कोणतीही एक खूण सहसा निदान करत नाही, त्या एकत्र वाचायच्या असतात. सीडी१९ बी-पेशीवर असणारच. त्याच पेशीवर सीडी१० आणि सीडी३४ ही कोवळेपणाची लक्षणंही असली आणि अशा पेशींनी मज्जा भरून गेली असेल, तर तीव्र ल्युकेमियाचा, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या ब्लड कॅन्सरचा, संशय येतो. सीडी१९ सोबत सीडी५ दिसला, तर वयस्कांत सावकाश वाढणाऱ्या ल्युकेमियाचा विचार करतात. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे वाईट आणि ‘निगेटिव्ह’ म्हणजे चांगलं, हा कोविडच्या चाचणीने लावलेला हिशोब इथे चालत नाही.

उपचारानंतर ‘एमआरडी’ नावाची तपासणी सांगितली जाते. ती दहा हजारांत एखादी उरलेली कॅन्सर-पेशीही याच खुणांवरून हुडकते, म्हणून पहिल्या वेळचा रिपोर्ट जपून ठेवा. कोणत्या खुणांची पेशी शोधायची हे त्यातूनच कळतं. आणि आजार उलटल्यावर कुणी कार-टी सुचवलं, तर खर्चाचं विचारण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा: नव्या नमुन्यात सीडी१९ अजून आहे का?